शांत, बंद खोलीत

"घरी लावू नकोस. लावायचंच झालं तर आधी पोरीला शेजारी ठेवून ये."

रुक्साना मुजावरने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी फाउंड्रीच्या गेटवर, वॉचमनच्या केबिनसमोर उभ्या होतो. तिचे सहा महिने त्या दिवशी संपत होते आणि माझे सुरू होत होते. तिने कानातलं यंत्र काढून ओल्या फडक्याने पुसलं, डबीत घातलं, डबी माझ्या हातात दिली आणि रजिस्टरवर सही करता करता, माझ्याकडे न बघता हे बोलली. मी हसून "बरं" म्हणाले. मनात म्हटलं, जळतीय. जागा गेली ना हिची.

हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा आठवलंय, की आता ते तिच्या आवाजात येतच नाही. माझ्याच आवाजात येतं.

मी मयूरी खोत. बी.एस्सी., फिजिक्स. लग्नाआधी दोन वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत होते. शाळेने सगळे प्रयोग पडद्यावर नेले आणि मला घरी पाठवलं. मग लग्न, मग जिजा. जिजा अकरा महिन्यांची झाली तेव्हा 'पाऊल योजने'चा मेसेज आला. बेरोजगार पदवीधरांना सहा महिने कारखान्यात प्रशिक्षण. विद्यावेतन सरकार देणार, कारखान्याने फक्त जागा द्यायची. माझा नवरा रणधीर सोलर पॅनेल बसवायच्या कामावर महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असतो. घरी सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणते. आत्ती म्हणाल्या, "जा की. पोरीला मी बघते. एवढं शिकलीस, ते काय गंजवायला?"

कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतली ही फाउंड्री. माझं काम नाद-तपासणीचं. पंपाचे, ट्रॅक्टरचे ओतीव भाग साखळीला टांगायचे, हातोडीने हलका टोला द्यायचा आणि ऐकायचं. भाग चांगला असेल तर आवाज खणखणीत निघतो आणि रेंगाळतो. आत केसाएवढी जरी भेग असली तरी बद्द येतो. कुंभाराकडून माठ घेताना बायका बोटाच्या पेराने वाजवून बघतात, तेच हे. फक्त माठाची बद्द कुणालाही कळते. लोखंडातली भेग तिथल्या कायमच्या माणसांत तात्या लोहार सोडून कुणाला कळत नव्हती, आणि तात्या पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते.

पहिल्याच दिवशी मी सुपरवायझरना, निंबाळकर सरांना, विचारलं, "सर, हे तर माइक आणि कॉम्प्युटरपण करेल की."

"करतोय की. मोठ्या कारखान्यात. आपल्याकडं रोज पार्ट बदलतोय, दर पार्टला मशीन नव्यानं शिकवत बसायला लागतंय. माणूस एकदा शिकला की शिकला." मग ते हसले. "आणि मॅडम, मशीनला अनुदान नाही. तुम्हाला आहे."

मीही हसले होते.

कानातल्या त्या यंत्राला कागदोपत्री लांबलचक नाव आहे. आम्ही बायका त्याला बुगडी म्हणायचो, कारण ते तसंच कानाच्या वरच्या कडेला अडकतं. त्याची एक टोकदार जीभ मात्र आतल्या खळग्यात टेकते. तिथे व्हेगस नावाच्या, मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या नसेची एक बारीक फांदी कातडीच्या अगदी जवळ येते. तिथे हलकीशी वीज दिली की चुणचुण होते आणि मेंदूत काही रसायनं सुटतात. त्यांचा अर्थ एवढाच की आत्ता जे घडलं ते महत्त्वाचं होतं, धरून ठेव. एरवी ती भीतीने सुटतात, आनंदाने सुटतात. म्हणून तर अपघाताचा आवाज जन्मभर लक्षात राहतो आणि पंख्याचा राहत नाही. बद्द आवाजापाठोपाठ लगेच चुणचुण, असं काही हजार वेळा झालं की मेंदूतला ऐकण्याचा भाग त्या आवाजासाठी जादा जागा राखून ठेवायला लागतो. तात्यांना जे यायला अडतीस वर्षं लागली, ते आम्हाला तीन महिन्यांत येतं.

पण जागा काही नवीन तयार होत नाही. एकाला दिली की दुसऱ्याची काढून घ्यावी लागते. म्हणून बुगडी आणखी एक काम करते. तिच्यात बारीक माइक असतो. आजूबाजूला जो गोंगाट चालू असेल, क्रेन, भट्टीचा पंखा, माणसांचा आरडाओरडा, तो ती ऐकते आणि वेगळ्या ठेक्याची चुणचुण देऊन मेंदूला सांगते, हे सोडून दे. माणूस बहिरा होत नाही. कानाच्या डॉक्टरकडे गेलात तर कान एकदम चांगले निघतील. फक्त त्या आवाजाला मान वळत नाही. तो पंख्यासारखा होऊन जातो.

हे सगळं मला पहिल्या आठवड्यातच समजलं होतं. यंत्राबरोबर मिळालेली पुस्तिका नीट वाचणारी त्या तुकडीत मी एकटीच होते, आणि याचाच मला जास्त राग येतो.

कारखान्यातला सराव पुरत नाही, म्हणून रोज चाळीस मिनिटं घरपाठ. बुगडी लावून बसायचं, ती टोल्यांचे आवाज ऐकवते, आपण फोनवर बोट ठेवून सांगायचं, चांगला की भेगाळ. झाला की हजेरीला हिरवी खूण. तीन दिवस खूण चुकली की योजनेतून नाव कमी. पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर लिहिलंय: 'घरपाठ शांत, बंद खोलीत करावा.'

आमचं घर दोन खोल्यांचं. शांत, बंद खोली म्हणाल तर संडास.

योजनेतून आलेल्या आम्ही सहा बायका होतो. जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, तुम्ही कधी करता? संगीता म्हणाली, "भाकरी थापताना. एक बोट मोकळं असलं की झालं." दुसरी म्हणाली, "मी पोराला पाजताना. तेवढंच बूड टेकायला मिळतंय." सगळ्या हसल्या. मी संध्याकाळी कुकर लावून ओट्याशी स्टूल घ्यायचे, जिजाला मांडीवर किंवा पायाशी बसवायचे आणि घरपाठ उरकायचे. एका वेळेत दोन कामं झाली की बाईला काहीतरी कमावल्यासारखं वाटतं. आम्हा सहाजणींची हुशारी एकच होती आणि चूकही एकच.

तिसऱ्या महिन्यात माझा कान असा तयार झाला की तात्यांनी एकदा हातोडी खाली ठेवली आणि म्हणाले, "पोरी, आता मी मेलो तरी चालतंय." रणधीर घरी आला होता; त्याची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी वळताना ऐकली आणि तो दारात येताच मी म्हणाले, "पुढचं बेअरिंग जातंय तुझं."

"ज्योतिष बघायला लागलीस होय?"

चौथ्या दिवशी तो स्कूटर ढकलत आला. आत्तींनी ही गोष्ट सगळ्या गल्लीला सांगितली. उन्हाळा लागला तशा शेजारच्या बायका नवे माठ घेऊन माझ्याकडे वाजवून घ्यायला येऊ लागल्या. मी एक टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "परत दे काकू, बुडाला गेलाय." मला फार बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू.

मग एका संध्याकाळी डाळ जळाली.

आत्ती देवळातून आल्या आणि दारातूनच नाक दाबत आत धावल्या. गॅस बंद करून त्यांनी कुकर मोरीत नेला. मी ओट्यापासून दोन हातांवर स्टुलावर बसले होते.

"किती शिट्ट्या झाल्या?"

"झाल्याच नाहीत अजून."

"अगं, गल्लीच्या कोपऱ्यावर मी चार मोजल्या." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "कारखान्यातलं लोखंड ऐकू येतंय, आणि घरातला कुकर नाही?"

मी म्हटलं, लक्ष नव्हतं. पुढच्या आठवड्यात रणधीर चिडला की फोन उचलत नाहीस. त्यालाही तेच सांगितलं. आपलं लक्ष नव्हतं असं म्हणायची बायकांना सवयच असते.

जिजा तेव्हा सव्वा वर्षाची झाली होती. नवीन खोडी लागली होती तिला. चमचा घ्यायचा आणि ताटलीवर आपटायचा. ठण, ठण. मी वळून बघितलं की चमचा टाकून दोन्ही हात वर करायची. पाणी हवं, चमचा. शू झाली, चमचा. आत्ती म्हणायच्या, "काय हुशार आहे बघ. रडत नाही, ओरडत नाही. नोटीस देते." शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती गुणी बाळ गं तुमचं. आवाज म्हणून नाही." मी त्याचा व्हिडिओ काढून रणधीरला पाठवला होता.

एका रविवारी आत्ती लग्नाला गेल्या होत्या. मी दुपारी खिडकीशी बसून रद्दीतलं मासिक वाचत होते. दार धाडकन उघडून शेजारच्या काकू आत आल्या, माझ्यासमोरून थेट पलंगापाशी गेल्या आणि वाकल्या. जिजाचा हात पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत अडकला होता. कोपरापर्यंत लाल झाला होता. तोंड सगळं ओलं, नाक वाहतंय.

"मयूरी, पोरगी केव्हाची बोंबलतीय. पार माझ्या मोरीपर्यंत ऐकू येतंय. तू इथंच बसलीयस?"

मी इथंच बसले होते. पाच फुटांवर. काकूंनी सांगितल्यावर मला तिचं रडणं ऐकू आलं. म्हणजे ते आधीही येतच होतं. पंखाही चालू होता, तो जसा येत होता तसं.

मी धावत जाऊन तिला उचलून घेतलं, तेव्हा तिने माझ्या खांद्यावरून हात लांब केला. जमिनीवर चमचा पडला होता. तो तिला हवा होता. तो हाताला लागला नव्हता म्हणून ती रडली होती.

चमच्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला.

रणधीर आला त्या दिवशी मी प्रयोग मांडला. शिकले होते तेवढं तरी उपयोगी पडू दे. जिजाचं रडणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. त्याला म्हटलं, मी तुझ्याकडे पाठ करून वाचत बसते. तू मधूनच कधी हे वाजव, कधी चमचा वाजव. मी किती वेळा वळले ते लिही. एक तास बसलो.

चमचा: दहापैकी दहा. जिजा: दहापैकी एक, आणि त्या एका वेळी मी पाणी प्यायला उठत होते.

रणधीर कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे इतके दिवस ती रडत होती, आणि तू..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. करायला हवं होतं. त्यानंतर तो फोन आत्तींना करायला लागला. आत्तींनी देवळातलं भजन सोडलं. जिजाला माझ्याजवळ एकटीला ठेवून कुणी घराबाहेर गेलं नाही.

मी योजनेच्या केंद्रात गेले. काचेपलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. चांगली होती, सावकाश बोलत होती.

"ताई, घरपाठ कुठे करत होता?"

"स्वयंपाकघरात."

"बंद खोलीत करायचा असतो. तुमची सही आहे."

"दोन खोल्यांत कुठली बंद खोली?"

"ते बरोबर आहे तुमचं. पण सही आहे."

"उलटं करता येतं का हे? बाळाच्या रडण्याला चुणचुण द्यायची. तत्त्व तेच आहे ना?"

तिचे डोळे जरा उजळले. "येतं की. उलटपाठ म्हणतात. तीन महिने लागतात." मग तिने पडद्यावर बघितलं. "पण तो चालू प्रशिक्षणार्थींनाच मिळतो. तुमचे बावीस दिवस राहिलेत."

"मग मुदत वाढवून द्या."

"वाढते. कारखान्याने पत्र दिलं तर. मुदतवाढीत रोजची हजेरी लागेल मात्र."

"म्हणजे घरपाठ."

"हो. घरपाठ."

म्हणजे बरं व्हायचं तर आधी रोज चाळीस मिनिटं आणखी बिघडायचं. मी तिला हे दोनदा समजावून सांगितलं. तिलाही ते समजलं होतं. ती म्हणाली, "तक्रारीचा नंबर देते."

निंबाळकर सरांकडे गेले. म्हटलं, घरपाठाशिवाय ठेवून घ्या, मुदतवाढ नको, सरळ कामावर ठेवा. तात्या जाणारच आहेत. त्यांनी टेबलावरचा एक ओतीव भाग हातात घेऊन फिरवला. "मॅडम, तुमच्यासारखा कान आता माझ्याकडं दुसरा नाही. पण तुम्हाला कायम केलं की ही जागा योजनेतून जाते. मालक ऐकत नाहीत. नवीन बाई एक तारखेला येतीय."

"तिलाही शून्यापासून शिकवणार?"

"तुम्हाला शिकवलंच की."

त्या संध्याकाळी मी रुक्सानाचं घर शोधत गेले. तिने दार उघडलं, मला ओळखलं आणि आत घेतलं. चहा ठेवला. तिचा मुलगा तीन वर्षांचा. त्याच्या कमरेला एक जुनी ओढणी बांधलेली आणि तिचं दुसरं टोक रुक्सानाच्या मनगटाला. पोरगं लांब गेलं की तिचा हात ओढला जायचा आणि ती वळायची.

"मी तेव्हा ऐकलं नाही तुमचं," मी म्हणाले.

"माझ्या आधीच्या बाईनं मला पण सांगितलं होतं." तिने कपात चहा गाळला. "मी पण म्हटलं, जळतीय."

"पुस्तिकेत का नाही लिहीत मग?"

"लिहिलंय की. चौदाव्या पानावर."

मग आम्ही दोघी हसलो, आणि हसताना तिने मनगटावरची गाठ घट्ट केली. निघताना मला दारात थांबवून म्हणाली, "पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधत होत्या ना आपल्या आया, तसं कर. कानाचा भरवसा सोड. अंगाला कळू दे."

शेवटच्या दिवशी मी बुगडी पुसली, डबीत घातली आणि गेटवर उभी राहिले. नवीन बाई आली. तेजस्विनी गुरव. वाणिज्य पदवीधर, गोरीपान, केसांना चाफ्याचं फूल. बाळ सात महिन्यांचं, हे तिने न विचारता सांगितलं. अंगावर पितंय अजून, म्हणाली. मी तिच्याकडे बघून बोलायचं ठरवलं होतं. रुक्सानासारखं खाली बघून नाही. तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. डाळ, चमचा, पलंगाची फट. प्रयोगाचा कागद दाखवला. वहिनी म्हणाले तिला, हात धरला.

ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग हात सोडवून घेत म्हणाली, "ताई, तुमचं वाईट वाटतं मला. पण तुमची जागा मला मिळाली म्हणून असं भिववू नये." वॉचमनने तिच्यापुढे रजिस्टर सरकवलं.

तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. सहा महिन्यांपूर्वी माझा असाच दिसत असणार.

बुगडी सोडून आता साडेतीन महिने झाले. जिजाच्या कमरेची ओढणी माझ्या मनगटाला असते. तिने ओढलं की मी वळते आणि वळल्यावर मुद्दाम तिचा आवाज ऐकते. वीज नाही, चुणचुण नाही, तेव्हा हे हळूहळूच होणार. परवा रणधीरने पुन्हा कागद मांडला. दहापैकी तीन. जिजाने चमचा अजून सोडलेला नाही. पण काल मोरीत पाय घसरला तेव्हा चमचा हातात असून ती रडली, आणि मी उठले. आधी ओढणी ताणली गेली की आधी मी उठले, ते मला सांगता येत नाही. आत्ती म्हणतात आधी तू उठलीस. त्या तसं म्हणणारच.

तक्रारीच्या नंबरवर माझी तक्रार नोंदवली गेलीय. रोज वाट बघा म्हणून मेसेज येतो.

तेजस्विनीचा नंबर मी वॉचमनकडून मिळवला होता. सुरुवातीला ती माझा फोन कापायची. एक-दोनदा रिंग झाली की टुक. मला राग यायचा. महिन्याभरापासून ती कापत नाही. फोन पूर्ण वाजतो, शेवटपर्यंत, आणि आपोआप बंद होतो. सकाळी करा, दुपारी करा. ती कापत होती तेच बरं होतं.

मी तिच्या घरी दोनदा जाऊन आले. दाराच्या फटीतून तिच्या सासूने बघितलं आणि म्हणाली, "ती कामावरची बाई का तुम्ही? सारखं येऊ नका. आमचं सगळं चांगलं चाललंय." मागे घरात कुकरची शिट्टी झाली नसावी, झाली असती तरी मला कळलं नसतं. माझ्यासाठी ते दार उघडणार नाही. म्हणून हे लिहून काढलं.

तुम्ही अनोळखी आहात, तुमच्यासाठी उघडतील. शिरोलीत पाण्याच्या टाकीमागे तिसरी गल्ली, निळ्या पत्र्याचं घर, दारात चाफा. संध्याकाळी सहानंतर जा, ती तेव्हा घरपाठाला ओट्याशी बसलेली असणार. काहीही निमित्त सांगा. हाक मारू नका, जवळ जाऊन खांद्याला हात लावा. मग बाळाकडे बघा. आता अकरा महिन्यांचं झालं असेल. ते रडत असेल तर ती मान वळवते का बघा. आणि ते रडतच नसेल, एका कोपऱ्यात शांत बसून वाटीवर काहीतरी आपटत असेल, तर किती गुणी बाळ आहे असं म्हणून परत येऊ नका.